पाठीवरचे पाणी

आमच्या घरी पाणी डोक्यावरून येते. गेल्या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले तेव्हा आईला सांगितले, की शहरात पाठीवर पाणी नेण्याची पिशवी मिळते, तिला नळी असते आणि चालता चालता ती नळी तोंडात धरून पाणी पिता येते. आई आधी हसली. मग म्हणाली, "पाठीवर पोर असतंय. पाणी कुठं ठेवायचं?"

त्र्यंबक तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर कोणत्याही बाईने हेच उत्तर दिले असते. पाऊस आमच्याकडे एवढा, की श्रावणात अंथरूण वाळत नाही. आणि होळी झाली की त्याच गावच्या विहिरीत तळाशी उतरून वाटीने हंडा भरावा लागतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगते ते घरी थोडे कौतुकाने आणि थोडे संशयाने ऐकले जाते. हा लेख मात्र महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. आपल्यापैकी बरेच जण रविवारी अंजनेरी, हरिहर, रामशेज, कळसूबाई गाठतात. काही जण पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्यांवर धावतात. आणि पाण्याची पिशवी घ्यायची वेळ आली की रंग पाहून घेतात. मीही तशीच घेणार होते. पण त्याआधी माझी एक फजिती झाली होती, तिची आठवण ताजी होती म्हणून वाचले.

झाले असे. एप्रिलमध्ये आम्ही पंधरा जण हरिहरवर गेलो. सोबत काय आणावे याची यादी मिळाली होती, पण ती मी मनावर घेतली नाही. सहा वर्षांची असल्यापासून विहिरीवरून पाणी आणणाऱ्या मुलीला पाणी कसे न्यावे हे कोणी शिकवावे, असा माझा तोरा होता. अकरावीतले जुने दप्तर घेतले, त्यात थंड पेयाची दोन लिटरची रिकामी बाटली भरून घातली, वर भाकरी. निरगुडपाड्यापासून चढायला लागलो तेव्हापासून ती बाटली पाठीवर डावी-उजवी करू लागली. थोडे पाणी प्यायले की ती आणखी हलायची. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण शाळेत पाठ केली होती, ती त्या दिवशी पाठीने शिकले. पुढे त्या प्रसिद्ध कातळपायऱ्या आल्या. ज्यांनी त्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाहीत त्यांनी शिडीच कल्पावी. दोन्ही हात कातळातल्या खोबणीत, नाक पायरीला. मध्यावर दप्तराची शिवण उसवली आणि बाटली निघाली. खाली त्या क्षणी कोणी नव्हते हे माझे नशीब. आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत राहिला.

वर टाकी आहेत, पण त्यांतले पाणी हिरवे झाले होते. दुपारी उतरताना पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि ज्या मैत्रिणीच्या नळीवाल्या पिशवीची सकाळी मी थट्टा केली होती तिच्याच नळीने मी पाणी प्यायले. तिने काही म्हटले नाही. तेच जास्त लागले.

इतिहास माझा विषय असल्याने मी पुस्तके उघडली, तर लक्षात आले, की आपल्या भागात डोंगरावर जाणाऱ्याने पाणी वाहून न्यावे ही कल्पनाच जुनी नाही. पाणी आधी डोंगरात कोरून ठेवलेले असे. पांडवलेणीतला उषवदात याचा लेख प्रसिद्ध आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाच्या या जावयाने त्रिरश्मी डोंगरात लेणे कोरविले. त्या लेखात लेण्याच्या बरोबरीने 'पोढी'चा, म्हणजे पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. भिक्षूंना नुसते छप्पर देऊन भागत नाही, हे दान देणाऱ्याला ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहण्याची ताकीद आहे. १६८२ मध्ये मोगलांनी वेढलेला आपला रामशेज पुढे काही वर्षे झुंजला. त्याच्या युक्त्यांच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो, पण वरच्या टाक्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. आज मात्र पुष्कळ टाक्यांत गाळ, शेवाळ आणि आपणच फेकलेले प्लास्टिक आहे. म्हणून पाणी पाठीवर आले.

पाठीवर पाणी नेणारे लोक आपल्याकडे होतेच म्हणा. कातड्याची पखाल खांद्यावर टाकून भिस्ती पाणी घालीत. मोठी पखाल हाल्याच्या, म्हणजे रेड्याच्या पाठीवर असे. 'रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला' ही म्हण तिथलीच. हाल्या आजारी, आणि औषध पाण्याच्या पिशवीला! दुकानात महागड्या पिशव्या हाताळताना ही म्हण मला वारंवार आठवली. तिच्याकडे पुढे येतेच.

आजची नळीवाली पिशवी मात्र अमेरिकेतून आली, आणि तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. टेक्सास राज्यात विचिटा फॉल्स गावी ऐन ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकल शर्यत होते. मायकेल आयडसन नावाचा गृहस्थ रुग्णवाहिकेवर काम करीत असे. १९८९ मध्ये त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, ती लांब पायमोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला लावला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि पाणी गळू नये म्हणून तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. पुढे याच कल्पनेतून कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते, हे कंपनीला कोणी सांगितले नसावे. पण नाव चालले. मला यातला चिमटा आवडला. घरातल्या दोन-तीन वस्तू जोडून माणसाने आपली तहान भागवली. दुकान नंतर आले.

आता निवडीकडे येऊ. माझ्या मते पहिला प्रश्न पिशवीचा नाहीच, तो वाटेचा आहे. पुढचे खात्रीचे पाणी किती तासांवर आहे? पांडवलेणी चढून उतरायची असेल तर पिशवी घेणे म्हणजे शेजारी जाताना शिदोरी बांधणे. अर्धा लिटरची बाटली हातात पुरे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात, कित्येक अनवाणी, रात्रभर; त्यांच्या पाठीवर काही नसते, कारण वरून पाऊस, खाली ओढे आणि वाटेत चहा देणारे हात. त्याच वाटेवर एप्रिलमध्ये धावून पाहा. कळसूबाईला सुट्टीच्या दिवशी वाटेत लिंबूसरबत मिळते. साल्हेरवर त्या भरवशावर जाऊ नये.

तास ठरले की पाणी ठरते. खेळाडूंच्या डॉक्टरांची अमेरिकेत एक मोठी संस्था आहे. तिने २००७ मध्ये लांब धावणाऱ्यांसाठी तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर असा सुरुवातीचा अंदाज दिला आहे, आणि घामाने वजन दोन टक्क्यांहून अधिक घटू देऊ नये असे म्हटले आहे. हा झाला सर्वांचा अंदाज. आपला स्वतःचा काढणे सोपे आहे. एक तास धावण्याआधी आणि नंतर वजन करायचे. मध्ये जे पाणी प्यायलो ते त्यात मिळवायचे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर घाम गेला. वसतिगृहात काटा नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. शेठ म्हणाले, "ज्वारीच्या पोत्याच्या काट्यावर उभी राहा." धावण्याआधी ४७.२ किलो, परत आले तेव्हा ४६.५. मध्ये पाव लिटर प्यायले होते. म्हणजे तासाला साधारण साडेनऊशे मिलिलिटर घाम, तोही सकाळी सातच्या आत. हरिहरला मी दोन लिटर नेले होते आणि त्यातले निम्मे दरीत गेले. फजितीचे गणित इथे सुटले.

यावरून माझा हिशोब असा: दीड-दोन तासांच्या धावेला एक लिटर, चार-पाच तासांच्या चढाईला दोन लिटर आणि वर एक बाटली राखीव. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताभोवती युटीएमबी नावाची शंभराहून अधिक मैलांची धाव होते. तिथे वाटेत पाण्याची ठाणी असूनही प्रत्येकाजवळ किमान एक लिटर पाण्याची सोय सक्तीची आहे. मोठे धावपटूही एक लिटरच्या खाली जात नाहीत, तर आपण का जावे?

पिशवी हलकी हवी असे सगळे म्हणतात. यात एक फसगत आहे. धावण्याची चांगली जाकिटासारखी पिशवी रिकामी दोनशे-तीनशे ग्रॅम भरते. जरा जाड कापडाची पाचशे. फरक एका पेल्याभर पाण्याचा. दोन लिटर पाणी मात्र कोणत्याही पिशवीत दोन किलोच भरते, त्याला कंपनी सूट देत नाही. शंभर ग्रॅम वाचवायला हजार रुपये जास्त मोजायचे आणि आत स्टीलचा डबा ठेवायचा, असे लोक मी पाहिले आहेत. वजनापेक्षा ते कुठे बसते आणि हलते का, हे महत्त्वाचे.

हे मला पुस्तकाने नव्हे, आईने शिकवले होते. फक्त मी विसरले होते. ती हंडा काठोकाठ भरते. लहानपणी मी कमी ओझे व्हावे म्हणून अर्धी कळशी घ्यायचे, तेव्हा ती ओरडायची, "अर्धं घेऊ नको, ते नाचतं." खरेच, अर्ध्या कळशीतले पाणी प्रत्येक पावलाला हिंदकळते आणि मान त्याला सावरीत राहते. भरल्या हंड्यावर ती पळसाचे एखादे पान टाकते, म्हणजे पाणी शांत राहते. नळीच्या पिशवीचे तत्त्व हेच. बाटलीतले पाणी कमी झाले की तिथे हवा शिरते आणि पाणी नाचू लागते; मऊ पिशवी मात्र पाण्याबरोबर चपटी होत जाते. अट एकच. भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून काढायची. हे न करणाऱ्याची पिशवी डुबुक डुबुक वाजत जाते, आणि तो कंपनीला नावे ठेवतो.

दुसरे, पाणी पाठीला चिकटून आणि खांद्याच्या फऱ्यांमध्ये, म्हणजे वर असावे. तेच वजन पाठीपासून चार बोटे दूर गेले की मागे ओढते आणि आपण नकळत पुढे वाकतो. पिशवी घेताना तिच्यात पाण्याच्या पिशवीसाठी वेगळा कप्पा आहे का, आणि ती वर अडकवायला आकडा किंवा बंद आहे का, ते पाहावे. आकडा नसेल तर पाणी अर्ध्या वाटेत कमरेवर येऊन बसते.

धावणाऱ्यांसाठी दुसरी जात आहे: छातीवर दोन खिसे, त्यांत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या. वजन पुढे-मागे वाटले जाते, किती प्यायलो ते दिसते, आणि नळावर भरायलाही त्या सोप्या. सपाट वाटेवर आणि गंगापूर धरणाच्या बाजूला धावायला मला त्याच बऱ्या वाटल्या. पण हरिहरसारख्या ठिकाणी छातीवरच्या बाटल्या कातळाला घासतात, आणि उतरताना आपलेच पाऊल दिसत नाही. तेव्हा कातळ चढणाऱ्याने पाणी पाठीवर ठेवावे. कमरेच्या पट्ट्यातली बाटली ही तिसरी जात. ती मला घसरत घसरत गुडघ्यापर्यंत येईल असे वाटत राहिले, म्हणून तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

दुकानात पिशवी रिकामी घालून आरशात पाहू नये. पाणी भरून घालावी, पट्टे आवळावे आणि जागच्या जागी वीस उड्या माराव्या. मी तसे करू लागले तेव्हा दुकानातला माणूस आधी नाराज झाला, नंतर त्याने स्वतःच जिन्यावरून दोनदा वर-खाली जायला सांगितले. खांदा उचलला तर मानेला काही घासता कामा नये. दीर्घ श्वास घेतला तर छातीचा पट्टा जाचता कामा नये. मुलींनी एक गोष्ट विशेष पाहावी. पुष्कळ पिशव्या पुरुषांच्या मापाने बेतलेल्या असतात, आणि छातीवरचा पट्टा नको तिथे येतो. तो वरखाली सरकवता यावा, किंवा दोन पट्टे असावेत, एक गळ्याच्या हाडाजवळ आणि एक खाली फासळ्यांवर. हे विचारायला लाजू नये. मी लाजले होते, म्हणून सांगते. जिथे घासते तिथे आधीच खोबरेल लावावे. रक्त आल्यावर लावून उपयोग नाही.

नळीच्या टोकाला दाताने दाबली की पाणी देणारी रबरी तोटी असते. तिला कुलूप, म्हणजे फिरवून बंद करायची सोय हवीच. मैत्रिणीची पिशवी घेऊन मी एकदा एसटीत बसले. सोय होती पण ती लावायची हे मला ठाऊक नव्हते. गर्दीत तोटी दाबली गेली आणि शेजारच्या आजींचे लुगडे भिजले. आजी म्हणाल्या, "पोरी, झाकण कुठाय?" संपूर्ण प्रवासात माझ्याजवळ उत्तर नव्हते. नळीची आणखी एक खोड अशी, की तिच्यातले पाणी उन्हात तापते. पिऊन झाल्यावर हलकेच फुंकर मारून ते परत पिशवीत ढकलावे.

पिशवीचे तोंड रुंद असावे, हात आत जाईल इतके. दुकानदार खिसे मोजून दाखवतात, हे कोणी दाखवत नाही. रुंद तोंडाची पिशवी हापशावर भरता येते, तांब्याने भरता येते, आणि मुख्य म्हणजे आतून पुसता येते. अरुंद तोंडाची पिशवी वाळत नाही, आणि पंधरा दिवसांनी नळीत काळे ठिपके दिसतात. म्हणून आल्याबरोबर पाणी ओतावे, कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून हलवावे, आणि आत एखादी पळी उभी करून उलटी टांगावी. नळीतून दोरा ओवून त्याला चिंधीची गाठ बांधून ओढली की नळी स्वच्छ होते. नव्या पिशवीचा प्लास्टिकचा वासही सोड्याने बराच जातो. उकळते पाणी घालू नये, आणि सरबत तर मुळीच नाही.

सरबत नाही म्हणताना मिठाकडे येते, म्हणजेच हाल्याकडे. घामाबरोबर मीठ जाते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, आणि ते पाण्याच्या तुटवड्याइतकेच धोक्याचे होऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात मीठ प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. त्यांतल्या अनेकांचे वजन धावून वाढले होते, इतके ते पाणी प्यायले होते. म्हणजे नळी तोंडाशी आहे म्हणून सारखी चोखीत राहणे हाही रोगच. तहानेप्रमाणे घोट घोट प्यावे. लांबच्या चढाईला वेगळ्या बाटलीत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे: एक लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट भरून. हे पाणी काही खेळाडूंसाठी निघालेले नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. दुकानातल्या रंगीत पुड्यांपेक्षा ही गोष्ट आपण जास्त लक्षात ठेवायला हवी. माझ्या पायांतले गोळे केवळ मिठावाचून आले असे मी म्हणत नाही, गोळ्यांची कारणे अनेक असतात. पण त्या दिवशी माझ्याजवळ पाणी नव्हते तसे मीठही नव्हते. आणि उन्हात कोणी बरळू लागला, अडखळू लागला, तर त्याला पिशवी पाजत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, आणि उचलून दवाखाना गाठावा.

हे सगळे वाचत असताना १९८६ सालच्या एका संशोधनाची माहिती हाती लागली. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका डोक्यावर ओझे नेतात. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्यांनी घेतले तरी चालण्याची त्यांची ताकद जास्त खर्च होत नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले आणि ते नेचर या मोठ्या पत्रिकेत छापून आले. मला फार आनंद झाला. आईला सांगावे असे वाटले. मग हिशोब केला. आईचे वजन पंचेचाळीसच्या आसपास. पाचवा हिस्सा नऊ किलो. तिच्या डोक्यावरचा हंडा पंधरा लिटरचा, वर कळशी. पुढच्या काळात इतर ठिकाणच्या बायकांवर अभ्यास झाले तेव्हा फुकटचे ओझे सगळ्यांच्या बाबतीत खरे ठरलेही नाही. मानेच्या दुखण्याच्या तक्रारी मात्र सापडल्या. मी ते वाचून वही मिटली.

आमच्याच तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. सावरपाडा एक्सप्रेस म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, आणि लहानपणी पाण्यासाठी पायपीट केल्याने पाय तयार झाले असे भाषणात सांगतो. मला हे भाषण आता ऐकवत नाही. ज्यांचे पाय तसेच तयार झाले आणि जे कुठेच धावले नाहीत, त्या बायका मला माहीत आहेत. माझ्या दोनशे मैलांच्या चपला झिजतील एवढे अंतर त्या वर्षभरात विहिरीच्या वाटेवर चालतात, आणि त्यांच्या मानेसाठी दोनशे ग्रॅमची काही वस्तू बेतावी असे कोणाला सुचलेले नाही. असो.

तयार पिशवी मला परवडणारी नव्हती. मी फक्त आतली दोन लिटरची पाण्याची पिशवी घेतली, रुंद तोंडाची, कुलपाच्या तोटीची. आमच्या बाजाराच्या गावी एक शिंपीकाका आहेत. त्यांना उसवलेले दप्तर दिले आणि चित्र काढून दाखवले. त्यांनी आत एक कप्पा शिवला, वर बंद लावला, खांद्यावर नळीसाठी दोन फासे, आणि छातीला नवारीची पट्टी, वरखाली सरकणारी. शेठच्या काट्यावर रिकामे दप्तर ४१० ग्रॅम भरले. दुकानातल्या पिशवीहून जड, पण वीस उड्यांत हलले नाही. जुलैत अंजनेरीला नेले, ऑगस्टमध्ये फेरीच्या वाटेवर. दोष एकच सापडला: किती पाणी उरले ते दिसत नाही. त्याला मी घोट मोजायला शिकले.

सप्टेंबरअखेर घरी गेले तेव्हा आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जायच्या तयारीत होती. छाटणीनंतर फेलफूट काढायची, पुढे विरळणी. दिवसभर हात वर आणि मान वर, मांडवाखाली. ऑक्टोबरचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचा जार बागेच्या टोकाला असतो. आई म्हणाली, "पाण्याला बांधावर गेलं की मुकादम बघत राहतो. बाया संध्याकाळपर्यंत पीतच नाहीत." मग तिने स्वतःच दप्तर उचलले, पाठीवर घातले, अंगणातून एक फेरी मारली, आणि नळी तोंडात धरून माझ्याकडे अशी पाहिली, की मला हसू आवरेना. किती उरले ते दिसत नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "दिसायला कशाला पाहिजे? खांदा सांगतो ना."

मी तिला एवढेच बजावले, की काड्यांना पेस्ट लावायच्या दिवशी किंवा फवारणीच्या दिवशी पिशवी न्यायची नाही. ते औषध विषारी असते, आणि हाताचे तोटीला लागले की सरळ पोटात. इतर दिवशीही तोटीवर स्वच्छ फडके गुंडाळून ठेवायचे. तिने ते ऐकले. नळी धुवायचा दोरा आणि चिंधी तिने माझ्याहून चांगली बनवली.

दिवाळीपासून पिशवी तिच्याकडेच आहे. टोळीतल्या बायका आधी हसल्या, आता मागतात. परवा तिचा फोन आला. तीन लिटरची मिळते का आणि शिंपीकाका दोन दप्तरांचे काय घेतील, असे विचारीत होती. तीन लिटर म्हणजे तीन किलो, दिवसभर मान वर करून पाठीवर, हे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, ते पिऊन कमी होतं, हंडा होत नाही. मी सध्या हातात बाटली घेऊन पांडवलेणीवर धावते. दुकानात जाऊन तीन लिटरची पिशवी पाहून आले. तोंड रुंद आहे, आणि तोटीला कुलूपही आहे.